आवाज वाढवण्याआधी

पहिल्याच अभंगाच्या मध्यावर गायकानं समोरच्या मॉनिटरकडे, म्हणजे त्याला स्वतःचं गाणं ऐकवणाऱ्या स्पीकरकडे, बोट दाखवलं आणि तेच बोट दोनदा वर उचललं. साउंड सांभाळणाऱ्यासाठी केलेली ही खूण: मला माझाच आवाज ऐकू येत नाहीये, वाढवा. मिक्सरमागे मी होतो. मी बटण फिरवलं. क्षणभर काहीच झालं नाही आणि मग देवळाच्या दगडी सभामंडपात अशी शिट्टी घुमली की पुढे बसलेल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. पखवाजावरचा हात थांबला. मी ज्यांच्या हाताखाली शिकत होतो ते काका मागून आले आणि त्यांनी मी वाढवलेलं पूर्वीच्या जागी आणलं. मग गायकाच्या मॉनिटरमधली पेटी थोडी कमी केली, तबला त्याहून थोडा कमी केला आणि हात मागे घेतला. पुढच्या कडव्याला गायकानं मान डोलावली. त्याच्या आवाजाला कुणी हातही लावला नव्हता, तरी तो त्याला ऐकू येऊ लागला होता.

साउंड मिक्सिंग शिकू लागणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीला वाटतं, हे काम आवाज वाढवण्याचं. मला आता ठामपणे वाटतं की हे काम वाट मोकळी करण्याचं आहे. गायकाच्या तोंडून निघालेला शब्द शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत धड पोचायला हवा, आणि त्याच्या आड जे जे येतं ते ओळखून बाजूला सारायचं. त्यासाठी आधी ती वाट नीट माहीत हवी.

गायकाच्या आवाजानं हवा हलते, तिच्याबरोबर माईकचा पातळ पडदा हलतो आणि त्या हलण्याची वीज होते. ही वीज फार क्षीण, जेमतेम काही मिलिव्होल्ट. केबलमधून ती मिक्सरमध्ये येते, तिथे मोठी होते, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आणखी ताकद घेते आणि स्पीकरचा पडदा हलवून पुन्हा हवेत उतरते. एवढीच वाट. ती पाठ असली की ऐन कार्यक्रमात माईक बंद पडला तरी हात थरथरत नाहीत. माईकपासून निघायचं: त्याचं बटण चालू आहे का, केबलची पिन पूर्ण बसली आहे का, मिक्सरवर त्या चॅनेलचा हिरवा दिवा गायकाबरोबर लुकलुकतो आहे का. लुकलुकत असेल तर बिघाड पुढे आहे, नसेल तर मागे. घाबरून चार बटणं एकदम फिरवली तर दोष सापडत नाही, वर तीन नवे तयार होतात.

आपल्याकडच्या कार्यक्रमांत गाण्यासाठी बहुधा डायनॅमिक प्रकारचा माईक असतो. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा त्यातला सर्वांत ओळखीचा. तो १९६६ साली आला आणि आजही जगभरच्या रंगमंचांवर आहे. याला बाहेरून वीज लागत नाही, तो पडला-झडला तरी सहसा टिकतो. कंडेन्सर माईक जास्त नाजूक आणि जास्त बारकावे टिपणारा. त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर द्यावी लागते, आणि ती देताना तो चॅनेल म्यूट करायचा, नाहीतर स्पीकरमधून धाडकन आवाज येतो. याच कारणानं कार्यक्रमाआधी मिक्सर पहिल्यांदा चालू करायचा आणि अ‍ॅम्प्लिफायर शेवटी; बंद करताना नेमकं उलट.

माईक कुठे लावला यावर पुढचं निम्मं काम ठरतं, असं मला वाटतं. गायकाच्या ओठांपासून माईक चार बोटांवर असेल आणि तो सरकून वीतभर लांब गेला, तर मिक्सरपर्यंत पोचणारा आवाज सुमारे नऊ-दहा डेसिबलनं घटतो. दहा डेसिबल म्हणजे कानाला जवळजवळ निम्मा. कुठल्याही बटणाला हात न लावता निम्मा आवाज गेला! शिवाय या माईकांचा एक स्वभाव आहे: तोंड जितकं जवळ तितका खर्ज फुगतो. निवेदकाला त्यामुळे आपला आवाज भारदस्त वाटतो आणि तो माईक ओठांना टेकवतो. मागे बसलेल्यांना मात्र नुसतं गुबगुबीत काहीतरी ऐकू येतं. भ, फ, घ या अक्षरांबरोबर सुटणारा श्वास थेट पडद्यावर आदळला की धप्प आवाज होतो. माईक तोंडासमोर नाकासरळ न धरता किंचित बाजूनं, तिरका धरला की श्वास पुढे निघून जातो आणि स्वर तेवढा माईकमध्ये शिरतो. गायकाला हे कार्यक्रमाआधी, एकट्यात, अदबीनं सांगावं. माईकवरून सगळ्यांसमोर सांगू नये.

पेटीचा माईक भात्याच्या तोंडाशी लावला तर सुरांआधी हवेची फसफस येते. तो वरून, झाकणाच्या बाजूनं, थोडा अंतरावर ठेवावा. तबल्याला एकच माईक मिळणार असेल तर तो दोन्हींच्या मध्ये, वरून, आणि डग्ग्यापेक्षा तबल्याकडे जरा जास्त झुकलेला. टाळांना माईक देऊच नये. पितळेचा तो तीक्ष्ण नाद न सांगता प्रत्येक माईकमध्ये शिरतोच. टाळकऱ्यांना गायकाच्या माईकपासून दोन हात मागे बसवलं तर शब्द एकदम उजळतात. हे काम मिक्सरवर होत नाही, सतरंजीवर होतं.

केबलबद्दल थोडंच सांगतो. माईकच्या तीन पिनांच्या केबलमध्ये एका तारेतून आवाज सरळ जातो, दुसरीतून तोच उलटा, आणि तिसरी अर्थची. वाटेत विजेच्या वायरींतून शिरणारी खरखर पहिल्या दोन्ही तारांत सारखीच शिरते. मिक्सर त्या दोन तारांमधला फरक घेतो. त्यात गाणं उरतं आणि खरखर कटते. म्हणून पन्नास मीटर लांबूनही माईक स्वच्छ येतो. तरीही एखादी सतत गुणगुण येतच राहते. आपली घरगुती वीज ५० हर्ट्झची, तिचाच हा सूर. बहुतेक वेळा मिक्सर एका ठिकाणच्या प्लगवर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या ठिकाणच्या प्लगवर असल्यानं तो येतो. दोन्हींना एकाच जागेवरून वीज दिली की जातो. काही जण अर्थिंगची पिन काढून ही गुणगुण घालवतात. तसं कधीही, कुणीही करू नये. गायकाच्या ओठांशी जो माईक आहे त्याची धातूची जाळी याच साखळीला जोडलेली असते, आणि अर्थिंग हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

आता गेन. मिक्सरवर प्रत्येक उभ्या पट्टीच्या टोकाशी असलेलं हे बटण नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ करतं, कारण ते फिरवलं की आवाज वाढतो आणि खालचा फेडर सरकवला तरी वाढतो. मग दोन कशाला? गेन माईकमधून आलेल्या त्या मिलिव्होल्टांना कामाच्या पातळीवर आणतो. फेडर त्या तयार आवाजातला किती बाहेर सोडायचा ते ठरवतो. गेन कमी ठेवून फेडर वर ढकलला तर गाण्याबरोबर मिक्सरचा स्वतःचा सूंऽऽ आवाजही वर येतो. गेन जास्त झाला तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज फेडरनं हळू केला तरी तो हळू पण फाटलेलाच राहतो. म्हणून गेन आधी, आणि एकदा नीट लागला की सहसा त्याला हात नाही. मॉनिटरमध्ये जाणारा आवाजही त्याच्यावरच अवलंबून असतो, तो मध्येच बदलला की मंचावर सगळ्यांचं बिनसतं.

तो लावायचा कसा? ‘हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री’ यावरून फक्त माईक जिवंत आहे एवढं कळतं. गायकाला विनंती करावी की आज जे सर्वांत वरच्या पट्टीतलं गाणार आहात त्याची एखादी तान घ्या. ती चालू असताना त्या चॅनेलचं ऐकण्याचं बटण दाबून मीटरकडे पाहावं. सर्वांत मोठ्या आवाजालाही लाल दिवा लागता कामा नये, वर भरपूर जागा उरली पाहिजे. कारण रिकाम्या मंडपात गळा राखून गाणारा माणूस भरलेल्या मंडपात, टाळ्या पडल्यावर, नक्की जास्त जोरानं गातो. फेडरच्या बाजूचे आकडेही एकदा नीट पाहावेत. शून्याच्या आसपास बोटभर सरकवलं तर काही मोजकेच डेसिबल बदलतात. तळाशी तेवढंच सरकवलं तर वीस-पंचवीस. म्हणून नाजूक हात चालवायचा तर फेडर शून्याच्या जवळ असला पाहिजे. गेन बरोबर लागला असेल तर तो आपोआप तिथेच येतो.

डेसिबल समजून घेताना एक हिशोब मला फार उपयोगी पडला. तीन डेसिबल वाढवायला अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट लागते, पण कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. पाचशे वॉट चालू असताना कुणी ‘डबल करा’ म्हणालं तर तो पाच हजार वॉट मागतो आहे. म्हणूनच एका वाद्याला वाट मिळावी म्हणून दुसरं कमी करणं स्वस्त पडतं आणि ऐकायलाही गोड लागतं. काकांनी त्या दिवशी मॉनिटरमध्ये हेच केलं होतं.

मग येतं इक्वलायझर, म्हणजे वरचे-खालचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करण्याची सोय, आणि इथे ज्याला पेटीवर बोटं ठेवता येतात तो जरा पुढे असतो. पेटीची पांढरी सहा, म्हणजे मधल्या सप्तकातली, ४४० हर्ट्झ. एक सप्तक वर गेलं की आकडा दुप्पट, खाली आलं की निम्मा. एवढं पक्कं झालं की मिक्सरवरचे परके आकडे सुरांच्या भाषेत बोलू लागतात. गायकाच्या चॅनेलवर लो-कट नावाचं बटण असतं. ठरावीक आकड्याखालचं सगळं ते गाळतं. मंचावरची पावलं, माईकच्या दांडीला लागलेला हात, पंख्याची घरघर आणि शेजारच्या पखवाजाची धुमी असं बरंच नको असलेलं तिथेच असतं. पण किती गाळायचं? काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर, त्याचा मंद्र पंचम १०४ वर. लो-कट ८० वर ठेवला तर पंचम सुरक्षित राहतो. १५० वर नेला तर आलापीत तो खाली उतरेल तेव्हा त्याचा आवाज पोकळ होईल आणि का झाला ते त्याला कळणार नाही. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा षड्ज २०८ च्या आसपास, मंद्र पंचम १५६ वर. त्यांच्यासाठी १२० पर्यंत जाता येतं. गायकाला पट्टी विचारणं हा साउंडवाल्याचाही प्रश्न आहे, नुसता पेटीवाल्याचा नाही.

त्यावरचा २०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा गढूळपणाचा. पेटी, डग्गा, पुरुषाचा आवाज, दगडी भिंतींचा घुमारा सगळे तिथे दाटी करतात. आणि शब्द कळतात ते बरेच वर, दोन हजार ते पाच हजारांच्या आसपास आणि स, श, च यांच्यासाठी त्याहूनही वर. स्वरांमध्ये जोर असतो, पण अर्थ व्यंजनांत असतो, आणि व्यंजनं दुबळी असतात. मराठीत तर ‘पाट’ आणि ‘पाठ’, ‘ताट’ आणि ‘ताठ’ यांतला सगळा फरक शेवटच्या एका फुंकरीत आहे. ती फुंकर शेवटच्या रांगेत पोचली की मिक्स जमलं असं मी धरतो. ‘शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार आली की हात आपोआप गायकाच्या ट्रेबलकडे जातो. त्याआधी खालचा गढूळ पट्टा तीन डेसिबल कमी करून पाहावा. नंतर पेटीच्या चॅनेलवर अडीच हजारांच्या आसपास थोडी खोलगट जागा करावी. पेटी एकटी ऐकली तर जरा मऊ वाटेल, पण गाण्याबरोबर ती सुखानं बसेल आणि शब्द तिच्यातून वर येतील.

एकोबद्दल माझं मत कडक आहे. दगडी देवळात, मंगल कार्यालयाच्या फरशीवर, पत्र्याच्या शेडमध्ये जागाच इतका घुमारा देते की वरून आणखी घालणं म्हणजे अभंगाचे शब्द पुसून टाकणं. उघड्या मैदानात थोडा हवा, गळ्याला आधार मिळतो. निवेदन सुरू झालं की मात्र तो त्या क्षणी बंद झालाच पाहिजे.

आता त्या शिट्टीकडे येतो. तिला फीडबॅक म्हणतात. डेन्मार्कचे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक सोरेन लार्सन यांच्या नावानं ‘लार्सन परिणाम’ असंही म्हणतात. स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, मिक्सरमधून मोठा होऊन पुन्हा स्पीकरमध्ये येतो, पुन्हा माईकमध्ये. एका फेरीत तो जरा जरी मोठा झाला तरी फेऱ्या सेकंदात इतक्या होतात की पाहता पाहता किंकाळी होते. सगळे सूर एकदम शिट्टी मारत नाहीत. माईक, स्पीकर आणि जागा यांच्या जोडणीत जो सूर सर्वांत सोपेपणानं फिरतो तोच आधी पेट घेतो. म्हणून शिट्टीला नेहमी एक ठरावीक स्वर असतो, आणि तो ओळखता येतो.

पण ओळखण्याआधी टाळता येते. मुख्य स्पीकर गायकांच्या पुढे हवेत, मागे किंवा रेषेत नकोत. गाण्याचे माईक बहुधा समोरून जास्त ऐकतात आणि पाठीकडून सर्वांत कमी. म्हणून मॉनिटर माईकच्या बरोबर पाठीमागे, गायकाकडे तोंड करून ठेवायचा. काही माईकांचा बहिरा कोन मात्र पाठीला नसून मागे दोन्ही बाजूंना तिरका असतो, सुपरकार्डिऑइड प्रकारच्या माईकचा सुमारे १२६ अंशांवर, तिथे मॉनिटर तिरके लावावे लागतात. तरुण गायक कधी माईकची जाळी मुठीत घेतात. मागच्या फटी बुजल्या की माईक चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी येते. चालू माईक दुप्पट झाले की शिट्टीपूर्वीची तीन डेसिबल जागा जाते. कोरसवाले गात नसताना त्यांचे माईक खाली घेणं हे त्यामुळे निव्वळ टापटिपीचं काम नाही.

एवढं करूनही जी शिट्टी उरते तिच्यासाठी कार्यक्रमाआधी, माणसं यायच्या आत, मॉनिटर हळूहळू वाढवत न्यावा. एका टप्प्यावर आवाज बारीक झिणझिणू लागतो. तिथे थांबावं. तो स्वर पेटीवर शोधावा: वरच्या सप्तकातली पांढरी सहा असेल तर ८८०, त्याच्या वरची असेल तर १,७६०. ग्राफिक इक्वलायझरच्या एकतीस पट्ट्यांतली त्याच्या जवळची पट्टी तीन डेसिबल खाली घ्यावी, आणि पुन्हा वाढवून पाहावं. दोन-तीन स्वर असे सापडले की पुरे. दहा पट्ट्या खाली ओढल्या की शिट्टी जाते, पण आवाजातला जीवही जातो.

मॉनिटर नीट नसेल तर काय होतं याचं मोठं उदाहरण १५ ऑगस्ट १९६५ चं. न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांहून जास्त श्रोत्यांपुढे बीटल्स गायले, आणि किंकाळ्यांच्या गदारोळात त्यांना एकमेकांचं वाजवणंही धड ऐकू येत नव्हतं. आज साध्या मिक्सरवरही मॉनिटरसाठी ऑक्झिलरीची वेगळी बटणं असतात. ती ‘प्री-फेडर’ असावीत, म्हणजे आपण समोरच्यांसाठी फेडर वर-खाली केला तरी गायकाच्या कानातलं काही हलणार नाही. एकोसाठी उलट, ‘पोस्ट-फेडर’.

हे सगळं जमलं तरी मंडप भरला की आवाज बदलतो. माणसांचे कपडे आणि शरीरं वरचे सूर शोषून घेतात. दुपारी चमकदार वाटलेलं संध्याकाळी मंद होतं, पण घुमाराही कमी होतो. स्पीकर स्टँडवर, बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर असतील तर मागच्यांच्या निम्म्या तक्रारी उरत नाहीत. लांब मंडपात मध्यावर स्पीकरची दुसरी जोडी लावली तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, वीज मात्र क्षणात. वीस मीटरवरच्या जोडीतलं गाणं मुख्य स्पीकरच्या आवाजाआधी कानी पडतं आणि मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. त्या जोडीला सत्तावन्न-अठ्ठावन्न मिलिसेकंद उशीर दिला की शब्द पुन्हा एक होतो.

आवाज किती मोठा ठेवायचा, याचंही उत्तर साउंडवाल्यानं आधी ठरवून यावं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. आणि आपले स्वतःचे कान आहेतच. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम चालतं, पण दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. शंभरावर ती पंधरा मिनिटं उरते. कान गेले की हे काम गेलं, म्हणून मोठ्या कार्यक्रमांत इअरप्लग खिशात असतात.

त्या सभामंडपात मध्यंतरानंतर काकांनी मला मिक्सर सोडून उठवलं. ‘जा, शेवटच्या खांबाला टेकून एक अभंग पूर्ण ऐक. हात खिशात ठेव.’ तिथून मला कळलं की पखवाज मी समजत होतो त्याहून खूप मोठा होता आणि तानपुरे नव्हतेच. परत येऊन दोन फेडर हलवले, तेही थोडेच. नंतर शेवटपर्यंत मी फार काही केलं नाही. निवेदकाचा माईक वेळेवर उघडला, वेळेवर बंद केला, गायकाच्या बोटावर डोळा ठेवला.

कार्यक्रम संपल्यावर केबली गुंडाळायला बसलो. कोपरावर गरगर गुंडाळलेली केबल आतून पिळून तुटते. एक वेढा सरळ, पुढचा आतून उलटा, अशी घेतली की पीळ एकमेकांना मारतात आणि पुढच्या वेळी ती फेकली की सरळ उलगडते. मधे एक केबल हलवली की खरखरते असं संध्याकाळी लक्षात आलं होतं. काकांनी तिच्या दोन्ही टोकांना लाल टेप लावली, आणि ती इतरांत न ठेवता वेगळ्या पिशवीत टाकली.